टॉवर किती मजली आहे?

गेली वीस वर्षं मी नायगावात मुलांची शिकवणी घेते. संध्याकाळी पाच ते आठ, आमच्याच खोलीत, चटईवर. तुमच्यापैकी अनेकांशी माझं बोलणं होतं ते दारात उभ्या उभ्या. मार्क कमी का पडले, मोबाईल कसा सोडवायचा, पोळीभाजी खात नाही त्याचं काय करू. आज जरा निवांत बोलू या. आजचा विषय अभ्यासाचा नाही. मुलांच्या पायांचा आहे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधी मी मुलांना एक चित्र काढायला सांगितलं होतं. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता. अकरा मुलं होती. बहुतेकांनी कागदाच्या एका टोकाला चौकोन काढला, ते घर. दुसऱ्या टोकाला मोठा चौकोन, त्यावर झेंडा, ती शाळा. मध्ये पट्टीनं आखलेली सरळ रेघ आणि तिच्यावर पिवळी बस. एकानं रेघेवर ‘ट्रॅफिक’ असं लिहून ठेवलं होतं. बाकी कागद कोरा.

मग मी म्हटलं, आता गावाला जाता तेव्हाचा रस्ता काढा, एसटीतून उतरल्यापासून घरापर्यंतचा. पाठपोठ कागद लागले. विहीर, तिच्या काठावरचं कासव, फणस, मारुतीचं देऊळ, भुंकणारा कुत्रा, ‘इथे मी पडलो’ असा बाण, ओढा, ‘ह्या काकू रागावतात’ असं घर. कोकणातले, साताऱ्याचे, जुन्नरचे, सगळ्यांचे कागद गच्च भरले. वर्षातले वीस दिवस जिथे जातात तिथली पायवाट मुलांना तोंडपाठ, आणि तीनशे पंचेचाळीस दिवस जिथे राहतात तिथे नुसती रेघ.

ते अकरा कागद मी अजून ठेवले आहेत. त्यातला एक माझ्या मुलाचा आहे, म्हणून हे मला फार लागलं.

आपल्या भागाच्या नावातच ‘गाव’ आहे, हे आपण विसरून गेलो आहोत. नायगाव म्हटलं की लोक विचारतात, वसईचं का? मुलांना शाळेत सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव म्हणून शिकवतात, ते साताऱ्याकडचं. आमच्या धाकट्याला पहिलीत असताना वाटायचं की सावित्रीबाई आमच्याच चाळीत जन्मल्या. पण दादरच्या पूर्वेचं हे आपलं नायगावही खरोखरचं गावच होतं. मुंबई सात बेटांची होती तेव्हा परळच्या बेटावर परळ, नायगाव, वडाळा, शिवडी अशी गावं होती, मध्ये भातखाचरं, नारळ-ताडाची झाडं, मिठागरं. समुद्र आपल्यापासून आजही चालत जाण्याच्या अंतरावर आहे. किती मुलांना हे माहीत आहे? किती पालकांना?

तर मी ठरवलं, एका रविवारी नायगावापासून शिवडीच्या किल्ल्यापर्यंत चालत जायचं. अंतर तीन किलोमीटरच्या आतबाहेर. चढ म्हणाल तर शेवटी एक लहानशी टेकडी. बरोबर सातवीतली थोरली, चौथीतला धाकटा, आणि माझे सासरे. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, पण गिरणीत पस्तीस वर्षं उभं राहून काढलेली, त्यामुळे चालायला नाही म्हणत नाहीत. मुलांच्या बाबांची रविवारी ड्युटी होती.

मुलं यायला तयार व्हावीत म्हणून मी म्हटलं, “आपण एक जुना टॉवर बघायला जाणार आहोत. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा.”

धाकट्यानं लगेच विचारलं, “किती मजली आहे?”

हे लिहिताना मला वाटतं, सगळा घोटाळा त्या एका शब्दानं केला. आपल्याकडच्या मुलाला टॉवर म्हणजे काय? बीडीडी चाळी पाडून जे उभे राहतायत ते टॉवर. लिफ्ट, पार्किंग, पाचशे फुटांची जागा. घराघरात रोज तेच बोलणं. त्याच्या डोळ्यांसमोर आभाळात घुसलेलं काहीतरी आलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही. मुलाला निघायला लावायचं होतं ना. हा मोह आपल्याला सगळ्यांनाच होतो. पुढे त्याची किंमत कशी मोजली ते सांगते.

निघालो सकाळी साडेसातला. डिसेंबर होता.

आमच्या चाळीचा जिना उतरलं की समोरच महापालिकेच्या शाळेची कुंपणभिंत आहे. तिच्यावर रंगवलेली चित्रं मी रोज बघते, म्हणजे बघत नाही. पाणी वाचवा, झाडे लावा, सूर्यमाला, एक मोठ्ठा हत्ती, आणि शेवटच्या तुकड्यावर वारली चित्रं. धाकटा तिथेच थांबला. दोनशे पावलंही झाली नव्हती. मी म्हटलं, चल, ऊन होईल. सासरे म्हणाले, “थांबू दे गं. त्याला कुठे पंचिंग करायचंय?”

तो भिंतीला नाक लावून उभा होता. मग म्हणाला, “आई, ह्या माणसाला पाय जोडायचेच राहिलेत.” खरंच, तारपा वाजवणाऱ्याभोवतीच्या फेरात एका बाईला पायच नव्हते. रंगवणाऱ्याला घाई झाली असेल किंवा रंग संपला असेल. चार वर्षं त्या भिंतीसमोरून मी दिवसातून चार वेळा जाते. मला ती बाई कधी दिसली नव्हती.

थोरलीनं मग सांगायला सुरुवात केली, की वारली माणूस म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. तिला शाळेत शिकवलं होतं. मी इतकंच जोडलं की ही चित्रं मूळची पालघर-डहाणूकडच्या घरांच्या कुडाच्या भिंतींवरची, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली, आणि लग्नाचा चौक काढायचा मान तिथल्या सवाशिणींचा. जिव्या सोमा मशे या कलावंतानं ती कागदावर आणि जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इतकं बोलून मी गप्प झाले. गप्प झाले हे महत्त्वाचं आहे, कारण माझ्या पिशवीत एक कागद होता. त्यावर मी आदल्या रात्री पंधरा प्रश्न लिहून ठेवले होते. भिंतीवर किती त्रिकोण आहेत, सूर्यमालेत पृथ्वी कितवी, असे. तो कागद मी त्या दिवशी बाहेर काढलाच नाही. मुलगा त्या बिनपायाच्या बाईकडे ज्या नजरेनं बघत होता, ती नजर माझ्या पंधरा प्रश्नांनी मेली असती.

पुढे भिंती येतच गेल्या. आपण खेड्यापाड्यांतली रंगवलेली घरं बघायला गाडी करून लांब जातो. पाचगणीजवळचं भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, तिथल्या घरांच्या भिंतीही कलावंतांनी रंगवल्या आहेत. मुलांना जरूर दाखवावं असं ते गाव आहे. पण आपल्या वस्तीतल्या भिंती काय कमी बोलतात? समाजमंदिराच्या भिंतीवर बाबासाहेब, हातात पुस्तक, निळ्या कोटाचा रंग दर एप्रिलमध्ये ताजा होतो. व्यायामशाळेवर मारुती. मंडळाच्या पत्र्यावर महाराज. दवाखान्याच्या भिंतीवर बाळाला पोलिओचे थेंब पाजणारी आई. बेस्टच्या विजेच्या पेटीवर कुणीतरी काढलेली, उडणारी पतंग. या चित्रांना नाव नसतं, खाली सही नसते. सासऱ्यांनी सांगितलं की त्यांच्या तरुणपणी लालबाग-परळात पडदे आणि बॅनर रंगवणारे पेंटर घरोघर होते, गणपतीत मंडपाचे देखावे, एरवी सिनेमाचे फलक. हुसेन यांच्यासारखा मोठा चित्रकारही तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरायचा. आणि सिनेमाच म्हणाल तर दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तो इथेच, दादरला. त्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. त्यांचं भलंथोरलं भित्तिचित्र मात्र वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर काढलं गेलं. थोरली म्हणाली, “मग आपल्याकडे का नाही?” मला उत्तर नव्हतं. तिला तसंच सांगितलं.

भोईवाड्याकडे वळताना एक गोष्ट मुलांना दाखवाच. या बाजूला बारादेवीचं मंदिर आहे. १९३१ साली परळ-शिवडी रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक अखंड पाषाण निघाला, दोन पुरुष उंचीचा. त्यावर शिवाच्या सात आकृती, एकातून एक फुटल्यासारख्या वर आणि बाजूंना गेलेल्या, खाली वाद्यं वाजवणारे गण. घारापुरीच्या लेण्यांच्या जोडीनं ज्याचं नाव घ्यावं असं हे शिल्प, दीड हजार वर्षांच्या आसपासचं. ते या मंदिरात आहे. नेहमी आत जाऊन बघायला मिळेलच असं नाही, आम्हालाही त्या दिवशी मिळालं नाही. पण धाकटा रस्त्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे ह्याच्या खाली अजून पण असेल?” आणि तिथून शिवडी नाक्यापर्यंत तो खाली बघत चालला, डांबरावर पाय जरा हळू टाकत.

परळ म्हणजे दवाखान्यांचा रस्ता. टाटा, केईएम, वाडिया. तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं वाडियात जन्मली किंवा तापानं फणफणून तिथे गेली आहेत. आम्ही टाटाच्या बाजूनं गेलो. रविवारी सकाळीसुद्धा फुटपाथवर लांबून आलेली माणसं, पिशव्या, अंथरुणं. मुलांना तिथून घाईनं ओढून नेऊ नका, एवढीच विनंती. थोरलीनं विचारलं, ही माणसं इथे का झोपलीत. सांगितलं, उपचार महिनोन् महिने चालतात आणि मुंबईत राहायला जागा महाग आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. एका बाईनं धाकट्याचा गाल ओढला, हिंदीत काहीतरी म्हणाली, बहुधा तिच्या घरी त्याच वयाचा कुणी असेल. हाफकिन संस्थेची गोष्टही इथेच सांगण्यासारखी आहे. परळची ती जुनी इमारत एके काळी गव्हर्नरचं राहण्याचं ठिकाण होती, आणि १८९९ पासून तिथे प्लेगच्या लसीचं काम सुरू झालं. त्याआधी दोन वर्षं, जानेवारी १८९७ मध्ये, डॉ. हाफकिन यांनी ती लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. धाकट्याला इंजेक्शनची भीती वाटते. “स्वतःच स्वतःला?” हे त्यानं तीनदा विचारलं.

सासरे नाक्यावर चहाला बसले. तिथे त्यांनी मुलांना भोंग्याची वेळ सांगितली. कुठल्या गिरणीचा भोंगा कधी व्हायचा, कुठला जाडा, कुठला बारीक. बायका भोंग्यावर भात चढवायच्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि भोंगे थांबले, तेव्हा पहिले काही दिवस लहान मुलं झोपेतून उठायचीच नाहीत, असं ते म्हणाले. हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्या घरात आहे. घरात टीव्ही चालू असतो, माझी शिकवणी असते, त्यांना सांगायला जागा कुठे होती? चालता चालता माणूस बोलतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अशा चालण्यात बरोबर घ्या. हळू चालतात म्हणून मागे ठेवू नका. लहान मूल आणि म्हातारं माणूस, दोघांची चाल सारखीच असते.

शिवडी स्टेशन हार्बरवर आहे. तिथला पूल ओलांडून पूर्वेला उतरायचं. स्वच्छतागृहाचं स्टेशनवरच उरकून घ्या, पुढे सोय नाही. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. रूळ ओलांडून जाणाऱ्या पायवाटा दिसतील, माणसं जाताना दिसतील, तरी मुलांना घेऊन पुलावरूनच जा. पुलापलीकडे शहर एकदम बदलतं. बंदराची गोदामं, ट्रक, तेलाच्या टाक्या, हवेत डिझेल आणि चिखलाचा वास. रविवारी ट्रक कमी असतात, म्हणून रविवारच बरा. इथे भिंतींवर चित्रं नाहीत, नुसती काजळी. थोरलीनं एका काजळलेल्या भिंतीवर बोटानं मासा काढला. मी हात धुवायला लावले, पण मासा तसाच राहू दिला.

मग ती टेकडी, जवळचा दर्गा, आणि वर काळ्या दगडाच्या भिंती.

धाकटा दगडी दरवाज्यात थांबला. आत आला. वर बघितलं, इकडेतिकडे बघितलं. “टॉवर कुठाय?”

मी म्हटलं, “हाच.”

“हा?” त्याचं तोंड उतरलं. “हा तर आपल्या चाळीएवढा पण नाही.” आणि तो रडायलाच लागला. सकाळपासून चाललेला, पाय दुखत होते, आणि मनात त्यानं केवढं काय उभं केलं होतं. माझ्या मनात आलं की म्हणावं, अरे वेड्या, एवढा इतिहास आहे आणि तू मजले कसले मोजतोस. तसं म्हटलं नाही. फसवणूक माझी होती. मी त्याला सांगितलं की टॉवर हा शब्द मी चुकीचा वापरला, तू यावास म्हणून वापरला. हा टेहळणीचा किल्ला आहे, उंची टेकडीची आहे. त्यानं डोळे पुसले. मुलांशी सरळ बोललं की ती चटकन माफ करतात, पण त्यांच्याकडून ती माफी गृहीत धरू नये.

पालकहो, मुलांना घेऊन कुठेही जाल तेव्हा काय दिसेल याचं आश्वासन देऊ नका. इथे तर दोन आश्वासनं द्यायचा मोह होतो, एक किल्ल्याचं आणि दुसरं गुलाबी पक्ष्यांचं. त्या पक्ष्यांकडे येतेच.

आधी किल्ला. इंग्रजांनी तो १६८० मध्ये बांधला. चौथीच्या मुलाला हे साल सांगून बघा. ‘शिवछत्रपती’ त्याचं पाठ झालेलं असतं. महाराज गेले ते ३ एप्रिल १६८० ला. म्हणजे रायगडावर तो काळा दिवस उगवला, त्याच वर्षी इथे नायगावाच्या अंगणात इंग्रज समुद्राकडे डोळे लावून बसले होते. का? आदल्या वर्षी, १६७९ मध्ये, महाराजांनी मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेटावर किल्ला उभारायला घेतला. इंग्रजांनी अडवून बघितलं, जमलं नाही. दुसरीकडून जंजिऱ्याचा सिद्दी. त्याची गलबतं पावसाळ्यात माझगावच्या बंदरात आश्रयाला यायची आणि त्याची माणसं गावकऱ्यांना छळायची. इंग्रजांची भीती पुढे खरी ठरली. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खान याच शिवडीला उतरला, माझगाव आणि माहीम त्यानं घेतलं आणि इंग्रजांना त्यांच्या कोटात कोंडून ठेवलं. वर्षभरानंतर तो गेला. इथून इंग्रजांनी पाहिलं असेल खरं, पण नुसतं पाहून काय होतं, असं सासरे म्हणाले.

सातवीच्या इतिहासात मुलं मध्ययुगीन भारत शिकतात. थोरलीला वाटायचं, मध्ययुग म्हणजे दिल्ली, विजयनगर, देवगिरी. घरापासून तासभर चालल्यावर मध्ययुगाच्या दगडावर हात ठेवता येतो, हे तिला त्या दिवशी कळलं. पुढे या किल्ल्यात कैदी ठेवले, मग बंदराचं गोदाम झालं, आता तो राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.

आत शिरताना वाट एकदम काटकोनात वळते. धाकटा रडं विसरला तो इथे. तो पुढे पळाला आणि समोरच्या भिंतीवर आपटता आपटता वाचला. “असं का बांधलंय? मी पडलो असतो!” सासरे म्हणाले, “म्हणूनच.” मग त्याला समजलं. शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून. पुढची वीस मिनिटं तो शत्रू झाला आणि ताई पहारेकरी. दरवाज्यातून धावत यायचं, वळणावर वेग तुटायचा, ताई तिथे उभी. एकदाही त्याला आत जाता आलं नाही. किल्ला कसा चालतो हे पुस्तकातला कुठलाही नकाशा त्याला इतकं पक्कं सांगू शकला नसता. लांबट, कमानीच्या छताची एक दगडी खोली आहे, तिच्यात त्यानं आपलं नाव ओरडून बघितलं. भिंतींवर नावं मात्र खूप कोरलेली आहेत, बदामात बाण. आत कचराही असतो, बाटल्या असतात. मुलं विचारतात. आपण नाक मुरडून पुढे गेलो की तीही तेच शिकतात. थोरलीनं विचारलं, शाळेच्या भिंतीवरचं चित्र आणि हे, दोन्ही भिंतीवरच लिहिणं, मग एक चांगलं आणि एक वाईट कसं? मी म्हटलं, तूच सांग. ती विचार करून म्हणाली, “ते चित्र दुसऱ्यांसाठी काढलंय.”

तटाच्या कडेला मुलांचा हात सोडू नका. कठडा सगळीकडे भरवशाचा नाही.

वरून काय दिसतं? खाली खारफुटी, तिच्यापुढे राखाडी चिखलाचं मैदान, गंजलेली जहाजं, टाक्या, आणि डावी-उजवीकडे लक्ष जाण्याआधीच डोळे ज्याच्यावर जातात तो अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला, जवळजवळ २२ किलोमीटर लांब, शिवडीहून थेट न्हावाशेवाच्या बाजूला. पूल धुक्यात शिरतो आणि मध्येच नाहीसा होतो. धाकट्यानं विचारलं, सिद्दीच्या वेळी हा पूल असता तर? घरी येईपर्यंत तो यावरच बोलत होता.

आता पक्षी. फ्लेमिंगो, आपले रोहित. साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत ते इथल्या चिखलात उतरतात. ते गुलाबी होतात ते त्यांच्या खाण्यातल्या शेवाळामुळे, पिल्लं करड्या रंगाची असतात. चोच उलटी करून पाणी गाळून खातात. पूर्वी शिवडीच्या जेटीवर त्यांचे थवेच्या थवे दिसायचे. आता ठाण्याच्या खाडीकडे जास्त असतात, तिथे २०१५ पासून त्यांचं अभयारण्य आहे. बघायचे तर ओहोटी हवी, म्हणजे चिखल उघडा पडतो. भरती-ओहोटी रोज पाऊणएक तास पुढे सरकते, तेव्हा निघण्याआधी वेळ बघून घ्या. आम्ही बघितली नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढत होतं. चिखलाची शेवटची पट्टी उरलेली, तिच्यावर बगळे, आणि फार लांब एक फिकट गुलाबी रेघ. ती पक्ष्यांची होती की उन्हाची, आमचं एकमत झालं नाही. सासरे म्हणाले पक्षीच. मुलांनी मान्य केलं. दहा मिनिटांत पाण्यानं ती पट्टी गिळली.

या वेळी कुणी रडलं नाही. मी पक्ष्यांचं नाव आधी काढलंच नव्हतं.

डब्यातल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी तटाच्या सावलीत बसून खाल्ली. येताना चालायची सक्ती केली नाही, स्टेशनच्या बाजूनं बस धरली. चालणं सोपं ठेवायचं असेल तर परतीचा हट्ट धरू नका. मूल दमायच्या आत थांबलात तर ते पुन्हा येईल.

एक गोष्ट मनातली सांगते. चाळीत आपली मुलं पॅसेजमध्ये वाढली. एका मजल्यावर वीस खोल्या, मध्ये लांबलचक पॅसेज, त्यात क्रिकेट, अभ्यास, भांडणं, बारसं, सगळं. मुलाला चालायला शिकवायला वीस घरं होती. आता नवीन घरं मिळतायत, चांगली मिळतायत, घरात संडास, खिडकीतून वारा. मला त्याचा आनंद आहे. टोकाच्या संडासाची रांग ज्यांनी रात्री-अपरात्री लावली आहे त्यांनी जुन्याचं उगाच कौतुक करू नये. पण लिफ्टमधून खाली, गाडीत, शाळा, पुन्हा लिफ्ट, असं झालं तर पॅसेजनं जे आपसूक दिलं ते मुलांना आपल्यालाच द्यावं लागेल. त्यासाठी पैसे लागत नाहीत. रविवारची सकाळ लागते, आणि ती देणं जड जातं, मला ठाऊक आहे. दोन-दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आयांना मी हे कोणत्या तोंडानं सांगू? ज्यांना जमत नाही त्यांची मुलं माझ्याबरोबर द्या. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी निघते. शेजारच्या दोघीही येतात आता.

जानेवारीत शिकवणीतली सात मुलं घेऊन पुन्हा गेलो. मी मागे, सासऱ्यांबरोबर. धाकटा सगळ्यांच्या पुढे. शाळेच्या भिंतीशी तो थांबला आणि बिनपायाची बाई शोधा म्हणाला, मुलं भिंतीला चिकटली. बारादेवीपाशी सगळ्यांना हळू चालायला लावलं. स्टेशनच्या पुलावर एका मुलीनं त्याला विचारलं, तो टॉवर किती मजली आहे रे?

तो म्हणाला, “मजले नाहीयेत. तू आधी जोरात पळत आत जा, मग सांगतो.”